उटीच्या बागेत खुडलेली फुलं

आमचं मूळ गाव देवगाव रंगारी, पण सासर इथं शहरातलं, फुलवाल्याचं. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं मांडीवर शेवंती ओतली, म्हणली, ओव. तवापासून मी अन् रफिकचे अब्बा, म्हणजे आमचे हे, दुकानात समोरासमोर बसून ओवतोय, नवरदेवाचे सेहरे, खुलताबादच्या दर्ग्याच्या चादरी, गणपतीचे हारसुद्धा.

काय सांगू तुम्हाला, वर्षभरापासून हे विसरायला लागले. गिऱ्हाईक चादर सांगून जायचं, हे सेहरा गुंफायचे. मी गुपचूप सोडवायची, पुन्हा ओवायची. पोराला कळू दिलं नाय. रफिक शेंद्र्याला कंपनीत आहे, त्याचं कवापासून चाललंय, दुकान बंद करा अन् माझ्याकडं राहा. दुकान बंद झालं तर ह्या माणसाजवळ राहतंय काय, ही भीती मला.

तर रफिकनं आम्हाला उटीला नेलं, अब्बांनी जिंदगीभर फुलं विकली, एकदा बाग तर बघू द्या म्हणला. लई जुनी बाग, इंग्रजांच्या वेळची, डोंगराच्या उतारावर ताटवेच ताटवे. थंडी अशी की माझे दात वाजत होते. मी शाल सारखी करतेय तोवर हे ताटव्यात उतरलेले, खाली बसून झेंडू खुडतायत, देठ न ठेवता, हाराला खुडतात तसं, अन् सदऱ्याच्या घोळात भरतायत. राखणदारानं शिट्टी मारली, लोक जमले, कुणी मोबाईल काढला. मला लई शरम वाटली, अन् शरम वाटली ह्याचा रागबी आला. हे मला म्हणतात, हात चालव, वरात निघाली असंल. रफिक बघतच राहिला. अम्मी, कवापासून आहे हे, म्हणला. राखणदार भला माणूस, आमची भाषा कळत नव्हती तरी समजला, हात धरून ह्यांना वर घेतलं त्यानं.

परत आल्यावर दुकान बंदच झालं. रफिकचं चुकलं असं नाय म्हणत मी. आता आम्ही चिकलठाण्याला त्याच्या फ्लॅटात असतो. सून चांगली आहे, रोज मोगरा आणते, ओवतात तेवढा वेळ हे शांत. परवा गजरा केला, माझ्याच हातात दिला, म्हणले, बाई, हा माझ्या घरी पोचता करा, बायको वाट बघत असंल. बरं, देते म्हणलं. अन् न्हाणीत जाऊन रडले. अल्लानं ह्यांचे हात तेवढे चालते ठेवावेत, दुसरं काय मागू.