दुसरीचं पिल्लू

अंबूबाई : ही पाखरं हायत व्हय गं? उडत तर एक बी न्हाई. लग्नात आहेर घ्यायला रांगंत थांबल्यागत नुसती उभी हायत.

सोनिया : पक्षीच आहेत, आत्या. पेंग्विन. माझ्या थोरलीनं लावलं आणि गेली शेजारी खेळायला. बदलू का? तुमची मालिका लागली असेल.

अंबूबाई : ऱ्हाऊ दे. बर्फ बघून तरी जरा गार वाटतंय. काय म्हंतोय त्यो बाप्या हिंदीत?

सोनिया : मादी अंडं घालते, नराच्या पायांवर ठेवते आणि समुद्राकडं जाते, खायला. ती परत येईपर्यंत नर उपाशी उभा. अंडं पोटाखाली घेऊन. बर्फाला टेकलं की संपलंच ते.

अंबूबाई : बघा! आनी आमच्या ह्यांनी दोन पोरं वाढली तरी पाळन्याची दोरी एकदा हातात धरली न्हाई. शिवतेज रडाय लागला की म्हनायचे, अंबू, तुझं वाजतंय बघ.

क्रांती : मामंजी अजून तसंच म्हंत्यात. कुकर वाजला तरी.

अंबूबाई : आगं बाई, हसली गं! सोनिये, बघितलंस का? किती दिसानं हसली ही. म्हनून म्हंते, उद्या एकदाचं होऊन जाऊ दे. पोरगी हिच्या ओटीत पडली की हसंल, बोलंल, चार घास गोडीनं खाईल. क्रांते, मांडी हलवत ऱ्हा गं, उठंल ती.

क्रांती : झोपल्या. गाढ हाय.

अंबूबाई : वन्सं रहिमतपुरातनं सकाळच्या यस्टीनं निघत्यात. तुझी आई आष्ट्याहून, हिची मानसं साताऱ्याहून. सवाष्णींना सांगून झालंय. शिवतेज बी गाडीत बसलाय, उद्या पोचतोय. एवढ्या लांबनं सुट्टी काढून येतोय पोरगा. आता नाव तेवढं ऱ्हायलंय. ते तूच ठेवायचंस. आई म्हनून तुझा मान.

क्रांती : सोनियाच्या मनात असंल की एखादं.

सोनिया : नाही, ताई. मी मुद्दामच नाही ठेवलं.

क्रांती : मग हाक काय मारतीस तिला?

सोनिया : काहीच नाही. नुसतं "अगं" म्हणते.

अंबूबाई : शानी हाय माझी सोनिया. दुसरी कुनी असती तर ऐनवेळी पाय मागं घेतला असता. हिनं तोंडातनं चकार शब्द काढला न्हाई.

क्रांती : व्हय. न्हाईच काढला.

सोनिया : आता माद्या परत आल्या, आत्या. आपापल्या पिल्लांना शोधतायत. आवाजावरून ओळखतात म्हणे. आणि ही जी आहे ना, हिचं पिल्लू... बदलते मी.

क्रांती : बदलू नगं.

सोनिया : ताई, कशाला उगीच...

क्रांती : बघू दे मला. मेलंय ते, व्हय ना? मला हिंदी कळतंय, सोनिया.

अंबूबाई : चोचीनं ढोसत्या त्याला. उठवाय बघत्या. आगं बाई, न्हाई उठायचं ते. गोठलंय गं ते.

क्रांती : मी बी तेच केलं. नर्स म्हनाली, झालं आता, द्या इकडं. मी म्हनलं, जरा चोळून तर बघा, तळपाय गरम हायत अजून. तिनं दुपटं फुडं केलं. मग माझ्याच ध्यानात आलं, माझ्याच हातानं गरम झालेलं ते.

अंबूबाई : नगं गं काढू ते. किती उगाळायचं? आपली चांदी म्हस आठव. रेडकू मेलं तर थेंब सोडीना, रात्रभर हंबारायची. मग तुझ्या दिरानं, धनाजीनं, त्याच रेडकाच्या कातड्यात पेंढा भरला आनी ठेवलं तिच्यापुढं. चाटाय लागली आनी सोडला की पान्हा! मुक्या जनावराला बी फुडं कायतरी लागतं.

क्रांती : म्या बघितल्या ती म्हस. धार काढाय मीच बसायची. चाटायची आनी मधीच थांबून गोठ्याच्या दाराकडं बघायची.

अंबूबाई : ही का पेंढ्याची हाय? जित्ती पोर हाय, आपल्याच रक्ताची. डॉक्टरनं पिशवी काढली तुझी. आता दुसरं काय हाय आपल्या हातात?

क्रांती : काय न्हाई. तेच तर म्हंते मी, आत्या. काय बी न्हाई. सोनिया, ही आता कुठं चालल्या? त्या दुसरीकडं?

सोनिया : मी लक्ष नाही दिलं.

क्रांती : दिलंयस. सांग.

सोनिया : ती... दुसरीचं पिल्लू ओढायला बघते. स्वतःचं गेलं की काही जणी तसं करतात म्हणे.

अंबूबाई : आगं आगं, समद्याच आल्या की धावून! तुडवत्यात त्याला! काढा की कुनीतरी त्याला बाहेर! ते फोटू काढनारं मानूस काय झोपलंय काय?

सोनिया : ते मध्ये पडत नाहीत, आत्या.

अंबूबाई : मग कशाला गेलंय मेलं तिथवर!

(क्रांतीच्या मांडीवरची मुलगी जागी होऊन रडू लागते. सोनिया उठते आणि पुन्हा खाली बसते.)

क्रांती : का बसलीस?

सोनिया : आत्या म्हणाल्यात, आता रडली तरी ताईंनीच उगी करायचं. तिला सवय लागायला हवी.

अंबूबाई : बराबर हाय. बाटली भरून ठेवल्या बघ ओट्यावर. पाज, क्रांते.

क्रांती : सोनिया, तुझं पोलकं भिजलंय.

सोनिया : वाळेल.

क्रांती : रोजचं वाळंल?

सोनिया : डॉक्टरांनी गोळी दिलीय, ताई. दूध बंद व्हायची. उद्यापासून घ्यायची आहे.

क्रांती : ही बोलाय लागली की तुला काय म्हनंल?

अंबूबाई : काय हे खुळ्यागत इचारनं! तुला आई म्हनंल आनी हिला...

क्रांती : तुमी नगा सांगू, आत्या. तिला सांगू दे. सोनिया, काय म्हनंल?

सोनिया : का... काकू.

अंबूबाई : आगं, रडाय काय झालं तुला? कुठं परदेशी चालल्या काय ती? एकाच घरात, एकाच चुलीवर. डोळ्यांसमोरच ऱ्हानार तुझ्या.

क्रांती : म्हनूनच. लांबची असती तर घेतली असती मी, आत्या. खरं सांगते. मागं वळून बघितलं नसतं. तिची आई कशी जगत्या, कुठं रडत्या, मला कळलंच नसतं. पन ही भाकऱ्या थापत असनार, मी हिच्या पोरीला घिऊन समोर बसनार, आनी पोर रडली की ही उठनार आनी खाली बसनार. जलमभर.

सोनिया : ताई, मी शब्द दिलाय तुम्हाला. दवाखान्यात तुमच्या पायाशी बसून दिलाय. मी मोडणार नाही.

क्रांती : तवा पोर तुझ्या पोटात व्हती. तोंड बघितलं नव्हतंस तिचं.

सोनिया : मी देईन, ताई. खरंच देईन. तुम्ही नुसतं घ्या. मी एक शब्द बोलणार नाही.

क्रांती : ठाव हाय मला. बोलनार न्हाईस तू. मला ही लय हवी हाय, सोनिया. बोलायची लाज वाटत्या इतकी हवी हाय. तू आंघोळीला गेलीस की मी दार लावून हिला उराशी घिऊन बसायची, आनी मनात म्हनायची, ही उशिरा येऊ दे. तू येऊच नये असं बी एकदा वाटलं. एवढी वाईट झालीया मी.

अंबूबाई : आसं बोलू नगं गं माझ्या लेकरा.

क्रांती : घे तिला. सोनिया, ऊठ. भूक लागल्या तिला, बाटलीला तोंड लावनार न्हाई ती.

सोनिया : ताई...

क्रांती : घे म्हनते ना! माझं मन फिरायच्या आत घे. मान धर, मान. हां. त्या गोळ्या टाकून दे परसात. आनी नाव ठेव तिचं आजच्या आज. हाक मारत जा.

अंबूबाई : क्रांते, उद्या मानसं येनार दारात. तुझी आई येनार. त्यास्नी मी काय सांगू?

क्रांती : बारसं हाय म्हनून सांगा. बारसंच हाय की.

अंबूबाई : आनी शिवतेज? आस धरून बसलाय गं त्यो गाडीत.

क्रांती : त्यास्नी मी सांगते. बाहेरच्या बाहेर स्टँडवर जाऊन सांगते, घरात नगं.

अंबूबाई : आनी तू गं? तू काय करनार ह्या घरात?

क्रांती : मला ठाव न्हाई, आत्या. तुमच्या पाया पडते, पन ते मला इचारू नगा. रोज सकाळी उठल्यावर मी मलाच इचारते ते.

सोनिया : प्यायला लागली, ताई.

क्रांती : दिसतंय. पदर घे वरनं.

अंबूबाई : बंद कर बाई त्यो टीव्ही. न्हाई बघवत.

क्रांती : ऱ्हाऊ द्या, आत्या. समद्या आपापल्या पिल्लापाशी गेल्या. ती एकटी आता कुठं जात्या, ते बघू दे मला.