भागीरथीकाकूंचा उंबर

“जरा सरका की पुढं! गुडघा टोचतोय तुमचा!”

ऐकलं हो मावशी, ऐकलं मी! सरकतील त्या. पण मंडळी, सरकता सरकता एवढं सांगा — आपलं माणूस दुखावेल म्हणून गप्प बसावं, की खरं बोलून मोकळं व्हावं? ...बघा! लागलात एकमेकांकडे बघायला! मग ऐका.

कातळवाडीच्या टेकडीवर दत्ताचं देऊळ. पण दाराशी उंबर नाही! दत्त आहे आणि उंबर नाही? म्हणजे सासू आहे आणि सूचना नाही! म्हणून भागीरथीकाकूंनी रानातनं रोप आणलं. रोज कळशीनं पाणी वर नेलं, लेकरासारखं वाढवलं. बुंध्याला फळांचे घोस लगडले, गाव हरखलं! पार बांधला, पूजा ठरली.

काकूंची सून कुमुद प्रदक्षिणेला निघाली, तो पान गालाला घासलं — आई गं! पान की किसणी? अहो, उंबराचं पान गुळगुळीत, एकाआड एक. हे खरखरीत, समोरासमोर जोडीनं! फळही लाल नाही, पिवळट, आणि वर लव — म्हाताऱ्याच्या कानावर असते तशी! (आजोबा, तुम्हाला नाही म्हटलं!) कुमुदनं लगेच ओळखलं. हा तर बोखाडा! उंबराचा रानटी चुलतभाऊ, तिच्या माहेरच्या ओढ्याकाठचा, फळ खाल्लं की ओकाऱ्या! तिनं वळून पाहिलं — सगळेच गाल चोळताहेत, बोलत कुणी नाही! बोलणार कसं? देवळाच्या अध्यक्षांनी बजावलेलं, “पारावर उंबरच हवा. दुसरं काही निघालं तर कुऱ्हाड!” आणि काकूंचा जीव त्या झाडात!

तेवढ्यात परगावचे गुरुजी परडीभर फळं तोडून उठले. “घ्या, दत्ताचा प्रसाद!”

मग काय पळापळ! एकाला उपास आठवला. एकीची दाढ ठणकायला लागली. अध्यक्षांनी नातवासाठी म्हणून रुमालात बांधलं — नातू अजून जन्मायचाय! राहिली कुमुद. सासूबाई तिच्याकडेच बघताहेत. नाही कसं म्हणायचं? तिनं डोळे मिटून फळ ओठाला लावलं.

हसताय? तुम्हीही गिळताच की! सुनेचा करपलेला शिरा, नवऱ्याची कविता — “वा वा” म्हणत गिळता! आणि समोरच्यालाही ते ठाऊक असतं बरं! मग बोलायचं कुणी?

काकूंनी झेप घेऊन सुनेचा हात धरला.

“टाक! टाक ते आधी! उंबर कुठला, बोखाडा आहे तो! पहिलं फळ मीच चाखलं होतं — पित्त झालंय असं सांगत दिवसभर ओकत होते ना, ते त्यानंच! ...अध्यक्ष, चालवा तुमची कुऱ्हाड. झाडापायी सून आजारी पाडायची नाही मला!”