धुतलेला चिखल

—तर नवस बोलले होते मी, भाऊ, देवासमोर पदर पसरून: माझी मैत्रीण या दुखण्यातून उठू दे, मी तिच्याशेजारी बसून तिचा एक शिपाई रंगवीन. हसू येतंय ना? येऊ द्या. तुम्ही इतकी वर्षं टेबलावर तिच्याशी लढाया खेळलात, फासे टाकलेत, तुम्हाला गंमतच वाटणार. मला मात्र तो पोरखेळ वाटायचा—दोन लेकी उजवलेली बाई, डोळ्याला भिंग लावून बोटाएवढ्या खेळातल्या शिपायांची बुबुळं काढत बसते. आमचे हे तिला सेनापतीणबाई म्हणायचे, मीही हसायचे. ती म्हणायची, "ये गं, नुसती शेजारी बस." मी म्हणायचे, आज उपास आहे, उद्या पोथी वाचायचीय. उपासाला ब्रश धरला तर काय होतं? काही होत नाही.

ती गेली. नवस फळला नाही की फेडायचा नसतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण तिच्या यजमानांनी ही पेटी आणून दिली—तुम्ही पुरे करा, म्हणाले, आणि मग तिच्या खेळगड्याकडे पोचवा, म्हणजे तुमच्याकडे. बारा शिपाई तिने रंगवून झालेले, एकोणतीस नुसता काळ्या रंगाचा हात दिलेले. मी नेम धरला, रोज एक, तो पुरा होईतो तोंडात पाणी नाही. बघा ना—एकदोन चकणे झालेत, पण रंग कुठे काठाबाहेर गेलेला नाही.

ते बारा तसे उलटून पाहू नका—थांबा, सांगते. कुणाला सांगणार नव्हते. त्यांच्या बुटांवर चिखल होता, चिलखतावर गंज, झग्याच्या काठाला मळ. मला वाटलं, आजारपणात झटकायचं राहिलं बिचारीचं. देवाची उपकरणी घासणारा हात माझा, तो कसा गप्प बसेल? साबणाच्या पाण्यात दुपारभर भिजत घातले, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासले. पाणी तपकिरी झालं तेव्हा केवढं समाधान वाटलं. विसाव्या दिवशी पेटीच्या तळाशी तिची वही सापडली. तिचंच अक्षर—चिखल, तीन थर: ओला, वाळलेला, उडालेला. म्हणजे तो तिने मुद्दाम लावलेला होता, भाऊ, लढून आल्यासारखे दिसावेत म्हणून. तिच्या हातचं शेवटचं काम मी मोरीत ओतलं. यजमान म्हणाले, किती लख्ख दिसतायत. मी मान डोलावली.

आणि तेही एक वेळ बाजूला ठेवा. माझा नवसच बघा: उठू दे, मग बसेन—मग कशाला? ती अंथरुणात होती तेव्हा उशाशी बसून रंगवता आलं नसतं? देवाला वाटलं असेल, बाई केवढी श्रद्धाळू. मी अट घातली हो. तिच्याशेजारी बसायला अट.

आता एवढं करा. तिचा चिखल मला ठाऊक नाही, तुम्ही टेबलापलीकडून तो वर्षानुवर्षं पाहिलाय. ही वही घ्या. तुम्हीही नेम धरा, रोज एक, बारा दिवस—उपाशी नका राहू, तुम्हाला साखरेचा त्रास आहे, तीच सांगायची. फक्त जमलं तर लावीन, वेळ मिळाला तर लावीन, असं म्हणू नका. नुसतं लावीन म्हणा.