साकवाचं गाऱ्हाणं

नेते थापा मारतात म्हणून काय बोंबलताय? आमच्या गावाने एकाला थाप मारूच दिली नव्हती!

महाराष्ट्र झाला, त्यानंतरची पहिली विधानसभा. माझं पहिलंच मत, त्यामुळे मी नवा सदरा घालून सगळीकडे पुढे. एक उमेदवार दाभोळहून चालत आमच्या देवळात आले नि म्हणाले, "तुमच्या पऱ्यावर पावसाआधी साकव बांधून देतो. मग ओढा भरला तरी पुलावरून खुशाल पलीकडे जा."

झालं! आमचे म्हातारे गावकर, म्हणजे गावचे पहिले मानकरी, उठले आणि देवापुढे गाऱ्हाणं घालायला लागले. "बा देवा, ह्या सायबानं साकवाचा शबुद दिलान हाय रं महाराजा!"

आम्ही ओरडलो, "व्हय महाराजा!"

साहेबांना वाटलं, हा आपलाच जयजयकार. तेही हात उंचावून आमच्यात सामील झाले.

"शबुद मोडलान, तर त्याचा काय ता तू बघून घे रं महाराजा!"

देवाचा कोप कोण ओढवून घेणार? आम्ही सगळे चिडीचूप. एकटे साहेब बेंबीच्या देठापासून ओरडले, "व्हय महाराजा!"

हसू आवरेना, मी देवळाचा खांबच धरला.

निवडणुकीत साहेब सपशेल पडले. निकाल लागल्यावर घाबरत घाबरत गावकरांकडे आले. "मी तर पडलो. म्हणजे आता सुटलो ना?"

गावकर म्हणाले, "सायब, देवाफुडं 'निवडून आलो तर' असा कुठं बोल्लाव तुमी?"

पावसाआधी साकव उभा!

निवडून आलेला मात्र अजून यायचाय.