भिंतीला पऱ्हाट्या

आबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते माझ्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला ऊन लागू नये म्हणून बाहेरून पऱ्हाट्या बांधत होते. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या बघून मी म्हणाले, "आबा, लोक हसतात." ते स्वतःच हसले आणि बांधत राहिले. त्या दुपारी मला गाढ झोप लागली.

यंदा त्याच भिंतीसाठी थर्माकोल घ्यायला पाचोऱ्याला गेले. दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"असलमभाई, दोन इंची द्या. लेक मे महिन्यात बाळंतपणाला येतेय."

"कौतिकनाना, एक इंची पुरे."

"नातवंड तुमचं आहे का माझं?"

"अहो, पण थर्माकोलला खुंटी ठोकता येईल का? झोळी कुठे बांधू?"

"झोळी आढ्याला बांधतात, मंजुळा. तीन पोरं वाढवलीस ना?"

"मीच वाढवली. तुम्ही झोके दिले, तेही झोपेत."

"नाना, त्यापेक्षा बाहेरून पऱ्हाट्या लावा. फुकटात गारवा."

"लावल्या ना कालच. बठ्ठी भिंत झाकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"मग थर्माकोल कशाला?"

"लेक पुण्याहून येतेय. आत थर्माकोल दिसला की तिला बरं वाटेल. गार तर पऱ्हाट्याच करतील."

"आणि पऱ्हाट्या बघून रागावली तर, नाना?"

"रागवू दे. झोप तर लागेल."

"ताई, तुम्हाला किती इंची?"

"मला नको, असलमभाई. आमच्या आबांनी पऱ्हाट्या बांधल्या होत्या. खोली फार गार होती. मी छान झोपले होते."