शिडी येईपर्यंत

हॅलो? … हो, आईच बोलतेय… घरातच आहे… अगं, ओरडू नकोस, कान फुटेल माझा!

… हो, हो, बातमी खरी आहे. अख्खी इमारत रिकामी झालीय. शेजारी तो पायाचा खड्डा खणलाय ना, आपली मागची भिंत त्यात सरकतेय… सकाळी दार लागेना, मला वाटलं लाकूड फुगलं. मग स्वयंपाकघरातल्या फरश्या तडतड उडायला लागल्या…

नाही, नाही… अगं ऐक ना! निघाले होते मी. अग्निशमनवाल्यांनी जिन्यापर्यंत नेलंसुद्धा… मोठ्या काकू? त्या कशा उतरणार? कमरेखाली हलत नाही काही. स्ट्रेचर घेऊन चौघं चढले तर जिनाच कोसळेल म्हणतात. शिडीची गाडी मागवलीय, खिडकीतून काढतील त्यांना.

… हो, त्याच म्हणाल्या, "तू जा गं, माझं काय!" तोंडानं जा म्हणत होत्या आणि माझं मनगट काही सोडत नव्हत्या… सोडवून घेतलं मी. घेतलं बाई! आणि निघाले… मग अर्ध्या जिन्यात पायरीवरच बसले. म्हटलं, देवा, मला काही सुचत नाही, तूच बघ…

… नाही, आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. मन थोडं थाऱ्यावर आलं, एवढंच. उठले आणि परत वर आले.

… वेडी? असेन… हातावर हात ठेवून नाही बसले! मेन स्विच बंद केला, गॅस बंद केला, काकूंना गादीसकट ओढत खिडकीपाशी आणलं, खोली ओळखू यावी म्हणून बाहेर लाल टॉवेल बांधला. करण्यासारखं होतं ते केलं. उरलेलं त्याच्याकडे.

… काय म्हणालीस? … बाबा गेले तेव्हा कुठे होता देव? … मला नाही माहीत, बाळा. मीही भांडलेय त्याच्याशी, खूप… आणि वाचवेलच असं कुठं म्हणतेय मी? एकटी नाहीये, एवढंच…

थांब… थांब जरा…

… काही नाही, प्लास्टर पडलं… हो, मोठं होतं. जाऊबाई, तोंडावर चादर घ्या हो! धूळ आहे…

… भीती? अगं, गॅस बंद केलाय का ते बघायला बस स्टॉपवरून परत येणारी बाई मी! आज भिंतीच्या भेगेतून पलीकडचा रस्ता दिसतोय, आणि आतून कशी निवांत आहे ते माझं मलाच कळत नाही. मघाशी तर हसत होतो आम्ही. काकूंचं काय, तर "केस विंचरून दे, खाली सगळे बघतील"… हो, दिले विंचरून! नाही तर काय करते?

… आली! गाडी आली गं! … एका वेळी एकच जण म्हणतोय… अर्थात, आधी त्याच… रडू नकोस… दादा, मान धरा, मान! … हां, तसं…

गेल्या. अगं, उतरवलं त्यांना! धरलं खाली! काय बरं वाटतंय, कसं सांगू तुला…

… तो आवाज? … जिना गेला बहुतेक.

… हॅलो? … हो, आहे, आहे. शिडी परत वर येतेय, पण भिंतीला टेकवता येत नाही म्हणतात… थोडं अंतर राहणार… उडी मारून धरायची… अगं, जमेल… दोन्ही हात लागतील, फोन खिडकीत ठेवते. बंद नाही करत. तू बोलू नकोस, नुसती ऐकत राहा… हो दादा, आले!

… चल रे देवा. आता आपण दोघंच.