सहाला मशीन बंद झालं नाही

नाव पुरिफिकासिओन मागबानुआ, वय ७३, धंदा नाणं टाकून चालणाऱ्या चार कॉम्प्युटरचं दुकान, शिक्षण दुसरी, राहणार बारंगाय सांतोल, केसोन प्रांत. गल्लीत मला लोला पुरिंग म्हणतात, म्हणजे पुरिंग आजी. आज मंगळवारी दुपारी तीन वाजता ठाण्यात समक्ष येऊन सांगते की,

माझा एकुलता मुलगा रुफिनो, वय ४१, जहाजावर नोकरीला. तीन वर्षांपूर्वी मला दुकान मांडून देऊन गेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला, चर्चची घंटा झाली की चारही पडद्यांवर ओळ यायची, "आई, पुरे आता. जेवून घे." मिनिटभरात मशिनी बंद. फोन वर्षातून एकदा, पण हे कधी चुकलं नाही. तो तिकडून बंद करतो असं मी साऱ्या गल्लीला सांगितलेलं आहे. पोरं ओरडायची, "लोला, लेकाला सांग ना, पाच मिनिटं थांब म्हणावं!" मी म्हणायची, "तो भर दर्यात हातातलं काम टाकून बंद करतोय, अन् तुम्हाला पाच मिनिटं हवीत?"

काल सहाची घंटा झाली. ओळ आली नाही. पोरं खेळत राहिली, मी उठवली नाहीत. रुफिनोचा फोन लागला नाही. मी जेवले की नाही हे लिहायची गरज नाही. आज मुलगा हरवल्याची तक्रार द्यायला आले.

साहेबांनी जहाज कंपनीला फोन लावला. रुफिनो मार्चमध्येच जहाजावरून उतरला, इथेच देशात सेबू शहरात राहतो, तब्येत ठीक आहे, असं समजलं.

मग मशिनी दुरुस्त करणाऱ्या आम्ब्रोसिओला बोलावलं. तो म्हणाला, "लोला, तो कुठला बंद करतोय! जाताना काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून गेला होता. रोज सहाला एवढं दाखव आणि बंद हो. काल सकाळी मी मशिनी कोऱ्या करून परत भरल्या, त्यात तो पुसला गेला."

मी म्हटलं, "म्हणजे तीन वर्षं मी खोक्याला 'जेवते रे' म्हणत होते?"

तो हसला. मी चप्पल उगारली, मारली नाही. साहेबांनी पाहिलं आहे.

ठावठिकाणा माहीत असलेला माणूस हरवला असं लिहिता येत नाही, असं साहेब म्हणतात. म्हणून तक्रार मागे घेते. सेबूचा पत्ता मी मागितलेला नाही. आम्ब्रोसिओवर राग नाही. त्याने आजच्या आज तोच हुकूम परत घालायचा, वेळ तीच, ओळीतला एक शब्द बदलायचा नाही, हे त्याने साहेबांसमोर कबूल केलं आहे.

साहेबांनी हे सगळं मोठ्याने वाचलं, मी ऐकलं, सांगितलं तसंच उतरलं आहे. अंगठा दिला. आता पाच वाजलेत. मला सहाच्या आत दुकानात पोचायचं आहे.